पानं किती, हे शेवटी ठरवा

वेबसाइट करून घेणारे आणि करून देणारे, दोन्हीकडची मंडळी या सदराला लिहितात. या वेळी चार पत्रं घेतली आहेत. पहिल्याला जागा जास्त दिली आहे, कारण तशा अडचणीची पत्रं मला सगळ्यांत जास्त येतात.

प्रश्न : ताई, नमस्कार. आमचं सार्वजनिक वाचनालय तालुक्याच्या गावी आहे, 'ब' वर्गातलं, शंभरी ओलांडलेलं. एका जुन्या सभासदांनी देणगी दिली आणि ती वेबसाइटसाठीच वापरावी अशी त्यांची इच्छा आहे. दोन दरपत्रकं आली. एकात 'पंधरा पानं, स्लायडर, फोटो गॅलरी, अध्यक्षांचं मनोगत' असं आहे, दुसऱ्यात 'अमर्याद पानं, मोबाइल ॲप मोफत'. अध्यक्षांना संस्थेचा इतिहास ठळक हवा आहे, ग्रंथपालांना पुस्तकांची यादी, तरुण सभासदांना ई-बुक. दोन सभा झाल्या, निर्णय झाला नाही. कार्यवाह म्हणून मी सुरुवात कुठून करू?
— एक कार्यवाह, सांगली जिल्हा

उत्तर : दोन्ही दरपत्रकं सध्या कपाटात ठेवा. तुमच्याकडे कोण येतं आणि कशासाठी येतं हे न विचारता लिहिलेला पानांचा आकडा काही कामाचा नसतो. तो सगळ्यांत शेवटी ठरतो.

सुरुवात देवघेव काउंटरवरून करा. तिथे एक दोनशेपानी वही ठेवा आणि दोन आठवडे येणारा प्रत्येक प्रश्न तीत उतरवायला सांगा. समोर येऊन विचारलेला, फोनवरचा, व्हॉट्सॲपवरचा, सगळे. प्रश्न जसा विचारला तसाच लिहायचा. 'वेळेबाबत चौकशी' अशी नोंद केली तर हाती काही लागत नाही. 'आज चौथा शनिवार, उघडं आहे का?' अशी नोंद असली की कळतं, लोकांना वेळा पाठ आहेत, गोंधळ सुट्ट्यांचा आहे. आणि शिपायांना विसरू नका. सकाळी कुलूप उघडणाऱ्या माणसाला जे विचारलं जातं ते ग्रंथपालांच्या कानावरही जात नाही.

मी ज्या वाचनालयांसाठी काम केलं तिथल्या वह्यांमध्ये थोड्याफार फरकाने हेच प्रश्न असायचे. अमुक पुस्तक आत आहे की बाहेर गेलंय? माझ्या नावावर कोणती पुस्तकं आहेत? वर्गणी कितीची थकली? अभ्यासिकेत जागा आहे का? अनामत परत कधी मिळते? गणपती झाले की एकच प्रश्न रोज येतो, दिवाळी अंकांची योजना सुरू झाली का? संस्था कोणत्या साली स्थापन झाली हे काउंटरवर येऊन कोणी विचारत नाही. म्हणून इतिहास नको असं मी म्हणत नाही. देणगीदार, गावाबाहेर गेलेली घराणी, संशोधन करणारे विद्यार्थी तो वाचतात. त्यांच्यासाठी एक पान मन लावून लिहा, जुन्या फोटोंखाली माणसांची नावं आणि साल घाला. मात्र वेबसाइट उघडल्या उघडल्या दिसायला हवं ते आज वाचनालय किती वाजेपर्यंत उघडं आहे, आणि पुस्तक शोधायची चौकट.

ही झाली वाचकाची बाजू. आता संस्थेची बाजू त्याच वहीत मागच्या पानापासून लिहा. वेबसाइटमधून वाचनालयाला काय मिळायला हवं? सभासद वाढायला हवेत, थकलेली वर्गणी यायला हवी, काउंटरवरचे फोन कमी व्हायला हवेत, देणगी देणाऱ्याला पैसे कुठे गेले ते दिसायला हवं. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ सालचा. त्याखाली मिळणारं अनुदान तुमच्या वर्गाप्रमाणे ठरतं, आणि तपासणीच्या वेळी सभासदांचे नि पुस्तकांचे आकडे द्यावेच लागतात. ते आकडे नव्या व्यवस्थेतून आपोआप निघणार असतील तर ग्रंथपालांचा केवढा वेळ वाचेल! ही गरज कोणत्याच दरपत्रकात नसेल, कारण ती तुमच्याशिवाय कोणाला ठाऊक नाही.

मग दोन्ही बाजू एकेका वाक्यात जोडा. वाक्यात चार गोष्टी याव्यात : कोण येतं, कधी येतं, काय करायला येतं, आणि ते झालं की संस्थेला काय मिळतं. उदाहरणार्थ, 'दुपारी घरकाम आटोपलेली सभासद वाचनालयात निघण्याआधी मोबाइलवर बघते की तिला हवी ती कादंबरी आत आहे का. त्यामुळे तिची फेरी फुकट जात नाही आणि काउंटरवरचा एक फोन वाचतो.' किंवा, 'नोकरीसाठी पुण्याला गेलेला मुलगा गावी राहणाऱ्या आईची वर्गणी यूपीआयने भरतो. थकबाकी निघते आणि आईचं सभासदत्व चालू राहतं.' अशी वाक्यं दहा-बारा निघतील. सभेत वाचायची ती हीच. 'गॅलरी हवी की नको' यावर माणसं तासभर भांडतात. 'ही सभासद आपल्याकडे येते का, आणि तिचं काम व्हायला हवं का' असं विचारलं की सगळी समिती एका बाजूला येते.

ई-बुकांची मागणीही याच चाळणीतून काढा. तरुण सभासदांना नेमकं काय वाचायचं आहे ते विचारा. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं लेखनहक्क टिकतो, त्यामुळे कपाटातली आजची पुस्तकं स्कॅन करून वेबसाइटवर टाकता येणार नाहीत. हक्कमुक्त झालेले, तुमच्याकडेच असलेले दुर्मिळ ग्रंथ टाकता येतील. ते मोठं काम आहे आणि करण्यासारखं आहे, पण पहिल्या टप्प्यातलं नाही.

आता ग्रंथपालांच्या यादीकडे येते. तुमचा निम्म्याहून जास्त वेळ इथे जाईल आणि दरपत्रकात याचा उल्लेख बहुधा एका ओळीत असेल. पुस्तकांची दाखल नोंदवही संगणकावर चढवली आहे का? चढवली असेल तर कोणत्या फाँटमध्ये? श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलेलं असेल तर पडद्यावर मराठी दिसतं, पण संगणकाच्या लेखी ती भलतीच अक्षरं असतात. ते आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना सारखीच कळणाऱ्या अक्षरपद्धतीत, आणावं लागतं. रूपांतर करणारी साधनं आहेत, तरी जोडाक्षरं बिघडतात आणि माणसाला नजरेखालून घालावीच लागतात.

युनिकोड झाल्यावरही एक अडचण उरते. 'दुसऱ्या' हा शब्द दोन प्रकारे टंकता येतो. एकात नुक्त्याचा ऱ आणि हलंत, दुसऱ्यात साधा र, हलंत आणि मध्ये न दिसणारं एक जोडचिन्ह. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात. 'ॲ' या अक्षराचंही तसंच, एकसंध अक्षर वेगळं आणि अ वर चंद्र देऊन केलेलं वेगळं. म्हणजे पुस्तक कपाटात असतं, यादीत असतं, आणि शोधलं की 'सापडले नाही' असं उत्तर येतं. वाचक पुन्हा शोधत नाही. तेव्हा गरज म्हणून साध्या मराठीत लिहून ठेवा : 'शब्द कसाही टंकला तरी पुस्तक सापडलं पाहिजे. कुलकर्णी शोधलं तर कुळकर्णीही दिसले पाहिजेत. इंग्रजी अक्षरांत नाव टंकलं तरी चाललं पाहिजे, कारण अनेक सभासदांच्या मोबाइलवर मराठी कळफलक नसतो.' वेबसाइट ताब्यात घेताना हीच तीन वाक्यं घेऊन बसा आणि एकेक करून बघा.

यादीसाठी नवं सॉफ्टवेअर लिहून घेऊ नका. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं ई-ग्रंथालय आहे. कोहा आहे, ते मुक्त सॉफ्टवेअर आहे. न्यूझीलंडमधल्या छोट्या गावांच्या ग्रंथालयांनी ते स्वतःच्या गरजेतून करून घेतलं, २००० सालापासून ते वापरात आहे, आणि आज जगभर चालतं. तुमच्याएवढ्याच ग्रंथालयांच्या देवघेवीतून ते उभं राहिलं, म्हणून मला त्याबद्दल विशेष आपुलकी आहे.

आणखी एक अट घाला. प्रत्येक माहितीला एक माणूस नेमून द्या. 'अभ्यासिकेत आज किती जागा रिकाम्या' हे वेबसाइटवर दिसावं असं विद्यार्थी म्हणतील. उत्तम गरज आहे. पण तो आकडा रोज संध्याकाळी कोण बदलणार? नाव सांगता आलं तर ठेवा. नाव नसेल तर तिथे फोन नंबर आणि फोन करायची वेळ द्या. चार दिवसांपूर्वीचा आकडा दाखवण्यापेक्षा ते बरं, निदान स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारं पोर दहा किलोमीटरवरून सायकल मारत येऊन परत जाणार नाही.

सभासदत्वाच्या अर्जात आधारची प्रत अपलोड करायला सांगू नका. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला. कामापुरती माहिती घ्यायची आणि संमतीने घ्यायची, हा त्याचा गाभा आहे. बालविभागाच्या सभासदांसाठी, म्हणजे १८ वर्षांखालच्यांसाठी, पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. ऑनलाइन अर्जात नाव, पत्ता, मोबाइल एवढं पुरे. बाकीचं पहिल्यांदा पुस्तक न्यायला येतील तेव्हा काउंटरवर बघून घ्या.

हे सगळं झालं की वाक्यांचे तीन गठ्ठे करा : हे नसेल तर वेबसाइट उघडायची नाही, हे असलं तर चांगलं, आणि हे या टप्प्यात नाही. तिसरा गठ्ठा लेखी ठेवा आणि त्यावर अध्यक्षांची सही घ्या. 'नाही' म्हटलेलं लिहिलेलं नसलं की ते दर महिन्याला नव्याने सभेत येतं. त्यानंतर ही वाक्यं दोन्ही दरपत्रकवाल्यांना द्या आणि नवा दर मागवा. त्यांतला जो तुम्हाला उलट प्रश्न विचारेल, नोंदवही बघायला येऊ का म्हणेल, त्याच्याकडे माझं मत झुकेल, दर थोडा जास्त असला तरी.

प्रश्न : ताई, देवगड तालुक्यात आमची वडिलोपार्जित कलमं आहेत. आतापर्यंत आंबा वाशीला जायचा. दोन वर्षं पुण्या-ठाण्याच्या ओळखीच्या लोकांना थेट पेट्या पाठवतोय, सगळं व्हॉट्सॲपवर. आता स्वतःची वेबसाइट करायची आहे. एका एजन्सीने मोठ्या शॉपिंग साइटसारखा नमुना दाखवला. लॉगिन, विशलिस्ट, रेटिंग, कूपन, वर ॲप. खर्च झेपेल, पण हे सगळं लागतं का?
— एक बागायतदार, सिंधुदुर्ग

उत्तर : दादा, यातलं बहुतेक लागत नाही, आणि जे लागतं ते त्या नमुन्यात नाही.

एका बागायतदाराच्या पॅकिंगच्या शेडमध्ये मी एप्रिलमधली एक सकाळ बसले होते. बायका वजनाप्रमाणे फळ निवडत होत्या, पेटीत पेंढा अंथरून थर लावत होत्या, आणि मालकांचा फोन अखंड वाजत होता. गिऱ्हाइकं दोनच गोष्टी विचारत होती. 'माझी पेटी निघाली का?' आणि पेटी पोचलेले विचारत होते, 'कापायचा कधी?' चौदा आणे तयार झालेलं फळ काढायचं, ते पेंढ्यात आठ-दहा दिवसांत पिकतं, हे तुम्हाला आणि मला ठाऊक. ठाण्याच्या सदनिकेत राहणाऱ्या नव्या गिऱ्हाइकाला हिरवी पेटी उघडून धक्का बसतो. तो फोन करतो, किंवा फळ फ्रिजमध्ये टाकतो आणि वाया घालवतो. तुमच्या वेबसाइटचं सगळ्यांत मोलाचं पान 'पेटी आल्यावर काय करायचं' हे असेल. पेटी कुठे ठेवायची, रोज कोणती फळं वेगळी काढायची, वास आणि रंग कसा ओळखायचा. तुमच्या आईला विचारून तिच्या शब्दांत लिहा. ते पान पेटी निघाली की मेसेजमधून आपोआप जायला हवं.

दुसरा प्रश्न साक्याचा. बाहेरून फळ देखणं आणि कापल्यावर आत पांढरट, आंबूस. तो बाहेरून कळत नाही, त्यात तुमची लबाडी नसते, पण गिऱ्हाइकाला ते माहीत नसतं. साका निघाला तर तुम्ही काय करणार, फोटो कोणत्या नंबरवर पाठवायचा, किती दिवसांत, पैसे परत की पुढच्या पेटीत जादा फळं, हे आत्ताच ठरवा आणि किमतीच्या शेजारी लिहा. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ऑनलाइन विक्री करणाऱ्याला नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण करणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव दाखवावं लागतं. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हावं, असं ते नियम सांगतात. तुमच्या घरात हे काम कोण करणार ते नाव आधी नक्की करा.

आता तुमची, म्हणजे धंद्याची बाजू. दिवसाला किती पेट्या भरून निघू शकतात? गाडी कोणत्या वारी जाते? कोणत्या पिनकोडला माल सुखरूप पोचतो? एप्रिलमध्ये अवकाळी आला तर तोड थांबते, तेव्हा ऑर्डर घेणं एका बोटात थांबवता आलं पाहिजे, तेही बागेत रेंज जेमतेम असताना. एजन्सीला पहिला प्रश्न हाच विचारा : 'रोजच्या पेट्यांची मर्यादा मी मोबाइलवरून कशी बदलू?' उत्तर ऐकून कळेल की त्यांना तुमचा धंदा समजलाय का. किंमतही हंगामात खाली येत जाते, मार्चची पेटी आणि मेची पेटी एका भावाची नसते. म्हणून गिऱ्हाइकाने आधी आठवडा निवडावा, मग पाच डझनी की सहा डझनी ते, आणि भाव त्या आठवड्याचा दिसावा.

लॉगिन नको. नाव, मोबाइल, पत्ता, पिनकोड, यूपीआय, झालं. अडीच महिन्यांच्या हंगामासाठी वर्षभर कोणी ॲप ठेवत नाही, तो खर्च पूर्ण वाचवा. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तुम्ही त्याचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंदलेले असाल तर तो क्रमांक पहिल्या पानावर द्या. 'देवगडचा म्हणून दुसरीकडचा दिला' ही भीती गिऱ्हाइकाच्या मनात असतेच, आणि तिला उत्तर म्हणून घोषणेपेक्षा तो क्रमांक, बागेचं गाव आणि तुमच्या कलमांचे फोटो जास्त उपयोगी पडतात.

वेळापत्रक झाडावरून ठरवा. मोहोर दिसायला लागला की तुम्हाला श्वास घ्यायला फुरसत नसते. वेबसाइट जानेवारी संपायच्या आत तयार हवी, आणि पहिल्या हंगामात ती फक्त गेल्या वर्षीच्या गिऱ्हाइकांना द्या. ते सांभाळून घेतात आणि चुकलेलं सांगतात.

प्रश्न : मॅडम, मी पुण्यातल्या एका छोट्या आयटी कंपनीत प्रोजेक्ट को-ऑर्डिनेटर आहे. आम्ही क्लायंटकडून साठ पानी रिक्वायरमेंट डॉक्युमेंटवर सही घेतो. तरीही शेवटच्या आठवड्यात 'हे तर आम्ही गृहीतच धरलं होतं' असं ऐकू येतं आणि रात्री जागाव्या लागतात. काय चुकतं?
— एक वाचक, पुणे

उत्तर : साठ पानं वाचून कोणी सही करत नाही. क्लायंट विश्वासाने सही करतो, आणि वेबसाइट डोळ्यांसमोर आली की पहिल्यांदा विचार करायला लागतो. तो विचार तुम्हाला पहिल्या पंधरवड्यात घडवून आणायचा आहे.

एक मोठं उदाहरण सांगते. अमेरिकी सरकारची आरोग्यविम्याची वेबसाइट १ ऑक्टोबर २०१३ रोजी सुरू झाली. पहिल्या दिवशी देशभरातून अवघ्या सहा जणांची विम्याची नोंदणी पूर्ण झाली. पैसा कमी नव्हता, कंत्राटदार तर ढीगभर होते. लोकांना आधी योजना आणि त्यांच्या किमती बघायच्या होत्या. पण खातं उघडल्याशिवाय काहीच बघता येणार नाही असा निर्णय उशिरा झाला, आणि सगळी गर्दी त्या एका दारावर तुंबली. सगळे भाग एकत्र जोडून केलेली चाचणी शेवटच्या दोन आठवड्यांत झाली, हे कंत्राटदारांनीच तिथल्या संसदीय समितीपुढे सांगितलं. याच्या एक वर्ष आधी, ऑक्टोबर २०१२ मध्ये, ब्रिटिश सरकारने आपल्या दोन मोठ्या वेबसाइटांच्या जागी एकच आणली होती. त्या गटाने आधी नागरिकांच्या गरजांची यादी केली आणि ज्या मजकुरामागे गरज सापडली नाही तो नव्या ठिकाणी नेलाच नाही. दोन्ही सरकारी कामं, मोठी खाती, तितकीच गुंतागुंत. मला तरी फरक कामाच्या क्रमात दिसतो.

तुमच्यापुरतं काय करायचं ते सांगते. डॉक्युमेंट ठेवा, करारासाठी ते लागतंच. पण त्याच्या आधी दोन पानांची गरजांची यादी करा आणि ती क्लायंटला मोठ्याने वाचून दाखवा. फोनवर नाही, समोर बसून. 'वापरायला सोपी असावी' हे वाक्य दिसलं की थांबा. ते तपासता येत नाही. 'पहिल्यांदा आलेल्या पालकाला मोबाइलवरून, कोणालाही न विचारता, प्रवेशाची शेवटची तारीख आणि फी सापडली पाहिजे' हे तपासता येतं. ही वाक्यं तपासायला मोठी पाहणी लागत नाही. वेबसाइट वापरायला किती सोप्या आहेत याचा अभ्यास करणारे जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलं होतं की पाच माणसांना वापरायला दिलं तरी बहुतेक अडचणी उघड्या पडतात. कागदावर पेनने पडदे काढा आणि क्लायंटच्या खऱ्या गिऱ्हाइकांपैकी पाच जणांपुढे ठेवा. त्या वेळी क्लायंटला शेजारी बसवा आणि बोलू देऊ नका. स्वतःचं गिऱ्हाईक अडखळताना बघितलं की तुम्हाला त्याला काही पटवून द्यावं लागत नाही.

बदल येणारच. प्रत्येक बदलाची नोंद ठेवा : कोणी सांगितला, यादीतल्या कोणत्या गरजेसाठी, किती दिवस लागतील, त्याच्या बदल्यात काय मागे जाणार. 'गरज' या रकान्यात लिहायला काही नसेल तर ती आवड आहे, हे समोरच्यालाही दिसतं. आणि क्लायंटच्या बाजूने 'हो' म्हणण्याचा अधिकार एकाच माणसाला असू दे. मार्केटिंगने मंजूर केलेलं मालकांनी शेवटच्या आठवड्यात बदललं तर तो बदल रिक्वायरमेंटमधला नसतो. मालकांना सुरुवातीला विचारलंच नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ असतो.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेची वेबसाइट नव्याने करतोय. डिझायनरने पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरं वापरली आहेत, संचालकांना ती फार आवडली. व्याजदरांचा तक्ता चित्र म्हणून टाकला आहे, छान दिसतो. मला काहीतरी खटकतंय, पण सांगता येत नाही.
— एक व्यवस्थापक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : तुम्हाला खटकतंय ते बरोबर आहे. तुमचे ठेवीदार कोण आहेत? बहुतेक ठिकाणी निवृत्त शिक्षक, शेती विकून ठेव ठेवलेले, साठीच्या पुढचे. त्यातल्या अनेकांना मोतीबिंदू असतो. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात निदान ४.५ : १ इतका फरक हवा, असं वेब सुलभतेचं जागतिक मानक साध्या आकाराच्या अक्षरांसाठी सांगतं. हे मोजणारी साधनं मोफत मिळतात. डिझायनरला तो आकडा लेखी द्यायला सांगा, म्हणजे आवडीनिवडीचा वाद राहत नाही.

तक्ता चित्रातून बाहेर काढा. बोटांनी मोठं केलं की चित्रातली अक्षरं फुटतात, अंधांचं वाचक-सॉफ्टवेअर ती वाचू शकत नाही, शोधात ती सापडत नाहीत. आणि दर बदलला की तुम्हाला डिझायनरच्या मागे लागावं लागतं, तोवर जुना दर जाहीर राहतो. पतसंस्थेसाठी ही साधी गोष्ट नाही, ठेवीदार तो दर दाखवून भांडू शकतो आणि तो बरोबर असतो. साधा तक्ता करून घ्या, तुमच्या लिपिकाला तो बदलता आला पाहिजे, आणि वर 'या तारखेपासून लागू' असं हवं.

जुनी वेबसाइट बंद करण्याआधी दोन गोष्टी बघा. एक, जुन्या पानांचे पत्ते नव्या पानांकडे वळवून घ्या, नाहीतर गूगलवरून येणारा ठेवीदार रिकाम्या पानावर पोचेल आणि संस्था बुडाली की काय असं त्याला वाटेल. दोन, डोमेन, म्हणजे वेबसाइटचा इंटरनेटवरचा पत्ता, कोणाच्या नावावर आहे ते तपासा. ते पूर्वीच्या वेबसाइटवाल्याच्या नावावर आणि त्याच्या ईमेलवर नोंदलेलं असेल, तर नव्या कामाचा पहिला हप्ता देण्याआधी ते संस्थेच्या नावावर करून घ्या. मुदत कधी संपते ती तारीख संचालक मंडळाच्या इतिवृत्तात लिहून ठेवा.